अ‍ॅक्शन कॅमेऱ्याची वेगवान चित्रफीत आणि न जुळणारे सॉफ्टवेअर

हेल्मेटवर, सायकलच्या दांडीवर किंवा जंगल सफारीच्या जिप्सीवर बसवता येणारा मुठीएवढा अ‍ॅक्शन कॅमेरा नागपूरकरांना आता नवा राहिलेला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी व पिवळी मारबतीची मिरवणूक असो, संक्रांतीचे पतंग असोत, ताडोबा-पेंचची सहल असो वा घरचे लग्न असो, हा कॅमेरा सेकंदाला ६०, १२० किंवा २४० चित्रे सहज टिपतो. अडचण सुरू होते ती घरी आल्यावर. संगणकातील संकलनाचे सॉफ्टवेअर फाईल उघडतच नाही, उघडली तर चित्र अडखळते, आवाज पुढे आणि ओठ मागे असा प्रकार होतो, किंवा संथगतीसाठी घेतलेले दृश्य नेहमीच्याच वेगाने धावते. वैतागून कुठल्याही साधनाने फाईलचे रूपांतर केले जाते, कॅमेऱ्यातील कार्ड रिकामे होते आणि पुन्हा न येणारा क्षण कायमचा बिघडलेल्या रूपात उरतो. या दोषांमागची कारणे मोजकी असून ती समजून घेतल्यास बहुतेक चित्रफिती वाचवता येतात.

फ्रेम रेट म्हणजे काय?

चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची मालिका. एका सेकंदात अशी किती चित्रे टिपली वा दाखवली जातात, त्या संख्येला फ्रेम रेट म्हणतात. टिपण्याचा आणि दाखवण्याचा वेग सारखा असेल तर हालचाल नैसर्गिक दिसते. टिपण्याचा वेग अधिक असेल तर पडद्यावरील हालचाल संथ होते आणि कमी असेल तर ती वेगवान होते.

महाराष्ट्राला या तत्त्वाची ओळख जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ ठराविक कालांतराने एकेक चौकट टिपून चित्रित केली आणि कित्येक दिवसांची वाढ अवघ्या काही क्षणांत पडद्यावर दाखवली. त्यांच्या मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवला जाई व सेकंदाला साधारण १६ चौकटी टिपल्या जात. पुढे बोलपट आला. प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. ध्वनीसाठी वेग एकसारखा असणे अपरिहार्य झाल्याने सेकंदाला २४ चौकटी हे प्रमाण रूढ झाले. जुने मूकपट या नव्या वेगाने दाखवले की पात्रे दीडपट वेगाने धावताना दिसतात. टिपणारे यंत्र एका वेगाचे आणि दाखवणारे दुसऱ्या वेगाचे, हाच तो जुना विसंवाद आज अ‍ॅक्शन कॅमेरा आणि संकलन सॉफ्टवेअर यांच्यात पुन्हा उभा राहिला आहे.

पन्नास आणि साठचा घोळ

दूरचित्रवाणीचे वेग विजेच्या वारंवारितेवरून ठरले. भारतात विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्याने दूरदर्शनने सेकंदाला २५ चौकटींची ‘पाल’ पद्धत स्वीकारली. अमेरिकेत ६० हर्ट्झ असल्याने तेथील ‘एनटीएससी’ पद्धतीत ३० चौकटी होत्या. १९५३ मध्ये तेथे रंगीत प्रक्षेपणाचे प्रमाण ठरताना तांत्रिक कारणासाठी हा वेग एक सहस्रांशाने घटवून २९.९७ करण्यात आला. आजही कॅमेऱ्याच्या पडद्यावर ३०, ६०, १२० वा २४० असे दिसले, तरी फाईलमधील वेग बहुधा २९.९७, ५९.९४, ११९.८८ व २३९.७६ असतो. हा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु सॉफ्टवेअरने २९.९७ ऐवजी नेमके ३० धरले, तर तासाभरात चित्र आणि स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केलेला आवाज यांच्यात सुमारे ३.६ सेकंदांचे अंतर पडते. लग्नातील मंगलाष्टके वेगळ्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केली असतील, तर अक्षता पडतात एका क्षणी आणि वाजंत्री ऐकू येते दुसऱ्याच क्षणी.

अनेक अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांत ५० व ६० हर्ट्झ यांपैकी एकाची निवड करता येते. ५० निवडल्यास २५, ५०, १०० व २०० असे वेग मिळतात, तर ६० निवडल्यास २४, ३०, ६०, १२० व २४०. नागपुरात ही निवड विशेष महत्त्वाची ठरते. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या साध्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी माळा सेकंदाला १०० वेळा उजळतात व मंदावतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण सेकंदाला १२० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याची प्रत्येक चौकट या चढउताराच्या वेगळ्या टप्प्यावर पडते. परिणामी मंगल कार्यालयातील किंवा बॅडमिंटन सभागृहातील संथगती दृश्य सतत लुकलुकते. सेकंदाला १०० चित्रे टिपली, तर प्रत्येक चौकटीच्या वाट्याला प्रकाशाचे एकच पूर्ण आवर्तन येते. शटरही चौकटीइतकाच, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग उघडा राहिला तर लुकलुक नाहीशी होते. ६० चित्रांच्या वेगातही शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवल्यास हाच लाभ मिळतो. दिवसा उन्हात मात्र हा प्रश्न येत नाही. एकदा टिपली गेलेली लुकलुक नंतर सॉफ्टवेअरमध्ये पूर्णपणे काढणे अवघड असते, म्हणून ही काळजी चित्रीकरणापूर्वीच घ्यावी लागते.

कॅमेरे पुढे, सॉफ्टवेअर मागे

अ‍ॅक्शन कॅमेऱ्याला लोकप्रियता मिळवून देणारी गोप्रो कंपनी अमेरिकेत निक वुडमन यांनी २००२ मध्ये स्थापन केली. सागरी लाटांवर स्वार होणाऱ्यांना स्वतःची छायाचित्रे घेता यावीत, ही मूळ कल्पना होती आणि पहिला कॅमेरा चक्क ३५ मिलिमीटर फिल्मचा होता. २०१४ च्या ‘हिरो ४ ब्लॅक’मध्ये फुल एचडी चित्र सेकंदाला १२० वेळा, तर २०१७ च्या ‘हिरो ६ ब्लॅक’मध्ये २४० वेळा टिपता येऊ लागले. तीन वर्षांत वेग दुप्पट झाला. घरातील संगणक आणि त्यातील सॉफ्टवेअर मात्र दर तीन वर्षांनी बदलत नाही.

हा भार किती आहे, ते साध्या हिशेबाने कळते. फुल एचडी चित्राची एक चौकट १९२० गुणिले १०८० बिंदूंची असते. रंगाची नेहमीची काटकसर करूनही ती सुमारे ३१ लाख बाइट जागा व्यापते. सेकंदाला १२० चौकटी म्हटल्यावर ३७ कोटी बाइटहून अधिक माहिती दर सेकंदाला तयार होते. एवढी माहिती नखाएवढ्या कार्डावर लिहिणे शक्य नसल्याने कॅमेरा तिचे आकुंचन करतो. सेकंदाला ६० मेगाबिट एवढ्या प्रमाणात ती साठवली, तर मूळ माहिती जवळजवळ ५० पट लहान होते आणि तासाभराची फाईल सुमारे २७ गिगाबाइटची बनते.

हे आकुंचन होते कसे? कॅमेरा प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाही. ठराविक अंतराने एक पूर्ण चौकट ठेवून मधल्या चौकटींबाबत केवळ ‘मागच्या चित्रापेक्षा काय बदलले’ एवढीच नोंद होते. चित्रफीत सरळ पाहताना ही योजना उत्तम ठरते. संकलक मात्र क्षणात पुढे, क्षणात मागे जातो. मधलीच एखादी चौकट हवी असेल, तर संगणकाला आधीच्या पूर्ण चौकटीपासून सारी गणिते पुन्हा करावी लागतात. सेकंदाला १२० चौकटी असतील तर हे काम कित्येक पटींनी वाढते. चित्र अडखळते ते बहुधा यामुळे; कॅमेऱ्यात बिघाड असल्यामुळे नव्हे.

आकुंचनाच्या पद्धतीही बदलत गेल्या. एच.२६४ ही पद्धत २००३ मध्ये प्रमाणित झाली आणि जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर ती ओळखते. २०१३ मध्ये आलेली एचईव्हीसी अर्थात एच.२६५ पद्धत तेवढ्याच दर्जाचे चित्र बऱ्याच कमी जागेत बसवते. पण ते उलगडायला अधिक गणनशक्ती लागते. ‘हिरो ६’पासून गोप्रोने सर्वाधिक वेगाच्या चित्रीकरणासाठी तिचा अवलंब केला. अशा फाईलचे नाव ‘जीएक्स’ या अक्षरांनी, तर एच.२६४ फाईलचे नाव ‘जीएच’ने सुरू होते. फाईल उघडण्यापूर्वीच तिची पद्धत ओळखण्याची ही सोपी खूण आहे. इंटेलच्या २०१५ च्या ‘स्कायलेक’ पिढीपासूनच्या प्रोसेसरमध्ये एचईव्हीसी उलगडण्याची स्वतंत्र सोय आहे. त्याआधीच्या संगणकावर हा सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. विंडोजमध्ये त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून वेगळी पुरवणी घ्यावी लागू शकते. अ‍ॅपलने २०१७ च्या ‘हाय सिएरा’ प्रणालीपासून ही सोय अंगभूत केली.

सॉफ्टवेअर काळाच्या पडद्याआड जाते, हेही लक्षात घ्यावे लागते. घरोघरी वापरले गेलेले ‘विंडोज मूव्ही मेकर’ मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये बंद केले. विंडोजवरील ‘क्विकटाइम’चा आधार अ‍ॅपलने २०१६ मध्ये काढून घेतला आणि एमओव्ही फाईल वाचण्यासाठी त्यावर विसंबणारी कित्येक जुनी संकलन साधने पांगळी झाली. गोप्रोने २०११ मध्ये ‘सिनेफॉर्म’ ही कंपनी विकत घेतली होती. तिच्या तंत्रावर आधारित ‘गोप्रो स्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या फाईलचे संकलनास सोप्या रूपात परिवर्तन करीत असे. तेही पुढे बंद झाले. सिनेफॉर्मचे तंत्र मात्र २०१७ मध्ये सर्वांसाठी खुले करण्यात आले.

दोष कसा ओळखावा?

उपायापूर्वी निदान हवे. ‘मीडियाइन्फो’ हे मोफत साधन फाईलची सारी कुंडली दाखवते. त्यातील चार गोष्टी पाहाव्यात : आकुंचनाची पद्धत, फ्रेम रेट, तो स्थिर आहे की बदलता, आणि रंगाची खोली ८ बिट आहे की १० बिट.

फाईल मुळीच उघडत नसेल किंवा आवाज येऊन चित्र काळे दिसत असेल, तर आकुंचनाची पद्धत सॉफ्टवेअरला अपरिचित आहे. चित्र दिसते पण अडखळते, तर संगणकाची शक्ती अपुरी पडते आहे. आवाज हळूहळू मागे-पुढे सरकत असेल, तर बदलता फ्रेम रेट हे कारण संभवते. मोबाइल फोन प्रकाश आणि तापमानानुसार वेग कमी-जास्त करतात. जुनी सॉफ्टवेअर हा वेग सर्वत्र एकसारखाच आहे असे गृहीत धरतात आणि घोटाळा होतो. दृश्य सरळ पुढे सरकताना हिसके बसत असतील, तर टिपण्याचा वेग आणि संकलनातील वेग यांचा भाग जात नाही, असे समजावे. सेकंदाला ६० चौकटींचे दृश्य २५ च्या संकलनात घातले, तर प्रत्येक २.४ चौकटींमागे एक निवडावी लागते. सॉफ्टवेअर कधी दोन तर कधी तीन चौकटींनंतरची चौकट उचलते आणि धावत्या वाघाची चाल लंगडी वाटते. ५० वा १०० चौकटींचे दृश्य २५ मध्ये नेमके बसते. ६० वा १२० चे ३० मध्ये.

फाईल शून्य सेकंदांची दिसणे हा वेगळा प्रकार आहे. एमपी४ फाईलची अनुक्रमणिका बहुधा चित्रीकरण थांबवताना लिहिली जाते. बॅटरी निखळली किंवा नागपूरच्या मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हात कॅमेरा तापून बंद पडला, तर चित्रे कार्डावर असतात पण अनुक्रमणिका नसते. अशा वेळी कार्डाला धक्का न लावता ते त्याच कॅमेऱ्यात पुन्हा बसवावे. अनेक अ‍ॅक्शन कॅमेरे अपुरी फाईल ओळखून ती दुरुस्त करतात. दीर्घ चित्रीकरणाचे तुकडे पडणे हा मात्र दोष नव्हे. जुनी फाईल व्यवस्था ४ गिगाबाइटहून मोठी फाईल स्वीकारीत नसल्याने कॅमेरे चित्रफितीचे ‘अध्याय’ करतात. ते क्रमाने जोडले की चित्रफीत अखंड होते. प्रत्येक अध्यायाचे स्वतंत्र रूपांतर करून मग जोडल्यास सांध्यावर आवाज खटकू शकतो. म्हणून आधी जोडणी व नंतर रूपांतर, हा क्रम बरा.

तीन मार्ग

पहिला मार्ग प्रॉक्सीचा. मूळ फाईलची लहान आकाराची, हलकी प्रत तयार करून तिच्यावर संकलन करायचे आणि अंतिम चित्रफीत काढताना सॉफ्टवेअरने मूळ फाईल वापरायची, अशी ही योजना. ‘दाविंची रिझॉल्व्ह’, ‘केडेनलाइव्ह’ व ‘शॉटकट’ या मोफत मिळणाऱ्या साधनांत ही सोय आहे. दर्जा घटत नाही आणि जुन्या संगणकावरही काम होते. एक दक्षता मात्र घ्यावी : प्रॉक्सीचा फ्रेम रेट मूळ फाईलइतकाच असला पाहिजे, अन्यथा कापलेल्या जागा मूळ दृश्यावर सरकतात.

दुसरा मार्ग मध्यस्थ स्वरूपाचा. सॉफ्टवेअर मूळ फाईल ओळखतच नसेल, तर तिचे अ‍ॅपलच्या ‘प्रोरेस’, अ‍ॅव्हिडच्या ‘डीएनएक्सएचडी’ किंवा सिनेफॉर्मसारख्या स्वरूपात रूपांतर करावे. यांत प्रत्येक चौकट स्वतंत्र असल्याने संकलन सुरळीत चालते. किंमत मोजावी लागते ती जागेची. फुल एचडी प्रोरेस ४२२ ला सेकंदाला ३० चौकटींच्या वेगात सुमारे १४७ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला ६६ गिगाबाइट. १२० चौकटींसाठी हीच जागा चौपट, म्हणजे २६० गिगाबाइटहून अधिक. म्हणून संपूर्ण सफारीचे नव्हे, तर निवडलेल्या दृश्यांचेच रूपांतर करणे शहाणपणाचे. ‘एफएफएमपेग’ आणि ‘हँडब्रेक’ ही या कामाची प्रसिद्ध मोफत साधने आहेत. हँडब्रेक पुन्हा आकुंचित फाईलच बनवते. मात्र बदलता वेग स्थिर करण्यासाठी ते उपयोगी पडते. त्यात फ्रेम रेट ‘मूळप्रमाणे’ व ‘स्थिर’ असा ठेवावा. तेथे ३० ही संख्या निवडली, तर १२० पैकी ९० चौकटी कायमच्या जातात आणि मग संथगतीचा आग्रह धरला तर सॉफ्टवेअर एकच चौकट चार वेळा दाखवते.

तिसरा मार्ग अर्थ लावण्याचा. सेकंदाला १०० चौकटींच्या फाईलमधील एकही चौकट न वगळता ती २५ च्या वेगाने दाखवा, असे सॉफ्टवेअरला सांगता येते. चौपट संथ आणि अत्यंत नितळ दृश्य मिळते. १२० चौकटींचे दृश्य २५ च्या वेगाने ४.८ पट, तर २४ च्या वेगाने नेमके पाचपट संथ होते. वेगाची टक्केवारी बदलून दृश्य संथ करणे आणि फाईलचा अर्थच वेगळा लावणे, या दोन क्रियांत जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फरक पडतो. पहिल्या क्रियेत ते आधी चौकटी गाळून नंतर उरलेल्या ताणण्याचा संभव असतो. दुसरीत सर्व चौकटी शाबूत राहतात. काही कॅमेरे संथगतीचे दृश्य आधीच २५ वा ३० च्या वेगात गुंफून देतात. ते पुन्हा संथ करू नये.

संकलनाचा फ्रेम रेट काम सुरू करण्यापूर्वीच ठरवणेही आवश्यक आहे. दाविंची रिझॉल्व्हमध्ये पहिली फाईल आत घेतल्यावर प्रकल्पाचा वेग बदलू दिला जात नाही. त्याच्या मोफत आवृत्तीतून अंतिम चित्रफीत सेकंदाला कमाल ६० चौकटींचीच निघते आणि तिच्या लिनक्सवरील मोफत आवृत्तीत एच.२६४ व एच.२६५ फाईल थेट वाचल्या जात नाहीत. सॉफ्टवेअर नवे असले म्हणजे ते सर्व फाईल स्वीकारते असे नाही, ते यावरून दिसते.

पुरावा म्हणून चित्रफीत

सहलीची चित्रफीत बिघडली तर हळहळ वाटते, पण काही चित्रफितींवर त्याहून अधिक काही अवलंबून असते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण व तिचे बछडे पर्यटकांच्या वाहनांनी वेढले गेले. त्या प्रसंगाच्या चित्रफिती सर्वत्र पसरल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. रस्त्यावरील अपघातातही गाडीतील कॅमेऱ्याची चित्रफीत निर्णायक ठरू शकते.

येथे फ्रेम रेटची चूक किती भोवते, ते पाहा. समजा, समृद्धी महामार्गावरील एका चित्रफितीत मोटारीने ३० मीटर अंतर ६० चौकटींत पार केले. चित्रफीत सेकंदाला ६० चौकटींची असेल, तर वेळ एक सेकंद आणि वेग ताशी १०८ किलोमीटर. सॉफ्टवेअरने तीच फाईल ३० ची मानली, तर वेग ५४ ठरतो. १२० ची मानली, तर २१६. मोटार तीच, चित्रे तीच. चालक मात्र एका हिशेबात निर्दोष आणि दुसऱ्यात बेदरकार.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात फाईलचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाईलच्या आशयावरून गणिताने काढलेला ठसा. रूपांतर केलेल्या फाईलचा ठसा मूळ फाईलशी कधीच जुळत नाही, मग ती डोळ्यांना कितीही हुबेहूब दिसो. म्हणून अपघात, गुन्हा वा वन्यजीवांचा छळ अशा प्रसंगाची मूळ फाईल नाव, क्रम व कार्डासह जशीच्या तशी जपावी. संकलन, संथगती आणि स्पष्टीकरणाच्या खुणा या सगळ्या गोष्टी प्रतीवरच कराव्यात.

थोडक्यात सांगायचे तर, घरात लावण्यासाठी चित्रीकरण असेल तेव्हा कॅमेरा ५० हर्ट्झवर ठेवावा, संथगती हवी तेवढ्याच दृश्यांसाठी १०० वा २०० चा वेग वापरावा आणि संगणक जुना असल्यास कॅमेऱ्यात पर्याय असेल तेथे एच.२६४ निवडावे. घरी परतल्यावर आधी कार्डाची प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी करावी, मग फाईलची कुंडली पाहावी, त्यानंतर प्रॉक्सी वा रूपांतराचा निर्णय घ्यावा आणि अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावर तो तपासून पाहावा. तयार चित्रफीत शेवटपर्यंत पाहून होईपर्यंत कार्ड रिकामे करू नये. आज न उघडणारी फाईल उद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडू शकते. पुसलेली फाईल मात्र नाही.